आवडत्या कादंबरीवर सिनेमा येतोय म्हटल्यावर तुम्ही कुठलं पान जपलं होतं?

हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. सिनेमा पुस्तकाइतका चांगला झाला की नाही, यावर आपण भरपूर भांडून झालोय. मला विचारायचंय ते त्याच्या आधीच्या दिवसांबद्दल. बातमी कळली तेव्हापासून पडद्यावर पाहीपर्यंत जीव कशात अडकला होता? प्रत्येकाचं एखादं पान असतं, ते गेलं तर बाकी सगळं येऊन उपयोग नाही असं वाटायला लावणारं. ते कुठलं, आणि त्याचं पुढे काय झालं?

सुरुवात मीच करते. मिलिंद बोकिलांची 'शाळा' २००४ साली मौजेकडून आली आणि आमच्या डोंबिवलीच्या घरात तिचा अक्षरशः चुराडा झाला. मी, बहीण, वहिनी, मग शेजारी. त्यावर मराठी सिनेमा होतोय हे कळल्यावर पहिली धास्ती वाटली ती वयाची. नववीतली मुलं म्हणून विशी ओलांडलेले नट उभे केले की संपलं! मुकुंद जोशी, सुऱ्या, चित्रे, फावड्या ही मिसरूड फुटायच्या वयातली पोरं. त्यांचं 'लाईन देणं' त्या वयातच गोड आणि केविलवाणं आहे, दोन वर्षांनी मोठं केलं की ते छचोर होतं.

पण माझं खरं पान वेगळंच होतं. सगळी कादंबरी मुकुंदच्या तोंडून येते. त्याला आवडणाऱ्या शिरोडकरशी तो प्रत्यक्ष किती बोलतो? मोजकंच. उरलेलं सगळं त्याच्या डोक्यात: ती कुठल्या रस्त्यानं येईल, आपण कुठे उभं राहावं, मागे वळून बघितलं तर तिला काय वाटेल. त्यात नरूमामाच्या गप्पा, घरात 'अंबाबाई'चा, म्हणजे बहिणीचा, पहारा, बाहेर आणीबाणी. शेवटी शिरोडकर गाव सोडून गेल्याचं कळतं ती पानं मी त्या काळात इतकी वाचली की कुठल्या ओळीवर पान उलटतं तेही पाठ झालं. तिथे कुणी रडारड घालू नये, व्हायोलिन वाजवू नये, एवढंच मागणं होतं.

जानेवारी २०१२ मध्ये सिनेमा आला. सुजय डहाकेंचा तो पहिलाच. अंशुमन जोशी आणि केतकी माटेगावकर पडद्यावर आले आणि वयाची धास्ती पहिल्या काही मिनिटांतच गेली. डोक्यातलं बोलणं पुष्कळसं गळलं, ते गळणारच होतं. पण त्या मुलाच्या बघण्यात त्यातलं बरंच उतरलं होतं. त्याला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, शिवाय रूपांतरित पटकथेचाही. पटकथेचा मिळाला याचा मला जास्त आनंद झाला.

आता तुम्ही लिहा. मोठं लिहा, घाई नको.

कागल भागातून

आनंद यादव आमच्या कागलचे. त्यामुळं 'नटरंग'वर पिक्चर निघतोय म्हटल्यावर आमच्याकडं घरचं कार्य निघाल्यागत झालेलं. १ जानेवारी २०१० ला आला. पण त्याआधी गाणी आली आणि तिथंच माझ्या पोटात गोळा आला. रिक्षात, वरातीत, पानपट्टीवर, जिथं जाल तिथं 'वाजले की बारा' आणि 'अप्सरा आली'. अजय-अतुलची गाणी झक्कास, त्यात वादच नाही. पण मला वाटायचं, लोक लावण्या बघायला येणार, शिट्ट्या मारणार आणि कादंबरीतल्या गुणाचं दुःख त्या गलक्यात बुडून जाणार.

माझं पान म्हणजे गुणा नाच्या व्हायला तयार होतो ते. राजाची भूमिका करायचं स्वप्न बघणारा, तालमीत अंग कमावलेला गडी. फड उभा राहायचा तर नाच्या पाहिजे, दुसरा कोण मिळत नाही, म्हणून हा हो म्हणतो. त्या 'हो'मध्ये काय काय मोडतं ते यादवांनी आमच्या बोलीत लिहिलंय. आमच्यात एखादा गडी जरा मुरडून चालला तर गाव काय बोलतं ते मी लहानपणापासून ऐकलंय, म्हणून मला ते पान नुसतं गोष्टीतलं वाटत नाही.

अतुल कुलकर्णींनी आधी पैलवानाचं शरीर दाखवलं आणि मग तेच उतरवून नाच्याचं. ते बघताना थेटरातल्या शिट्ट्या थांबल्या. माझ्या शेजारी एक म्हातारबाबा बसले होते, ते "आरं आरं" एवढंच करत होते. माझं पान आलं होतं.

पुण्यातून

'दुनियादारी'. माझ्या पिढीतल्या कितीतरी मुलांनी आयुष्यात आपणहून वाचलेली ती पहिली कादंबरी असेल. आमच्या लायब्ररीत तिला नंबर लावावा लागायचा आणि हातात यायची ती पुठ्ठा सुटलेली. एसपी कॉलेजच्या कट्ट्यावर उगाच जाऊन बसायचो, श्रेयस, दिग्या, शिरीन इथलेच म्हणून.

२०१३ च्या जुलैत सिनेमा आला. कादंबरीचे लेखक सुहास शिरवळकर २००३ च्या जुलैत गेले. वाट बघताना हीच गोष्ट सारखी टोचायची. त्यांच्या वाचकांनी रांगा लावलेल्या त्यांना बघायला मिळायला हव्या होत्या. समीक्षकांनी त्यांना कधी पंगतीत घेतलं नाही, वाचकांनी मात्र डोक्यावर घेतलं. पोस्टरवर कादंबरीचं नाव बघून मला म्हणूनच फार भरून आलं.

माझं पान श्रेयस आणि एम. के. श्रोत्री यांचं. बारमध्ये भेटणारा तो मोडलेला माणूस आणि त्याच्यासमोर बसलेला कॉलेजातला पोरगा. संदीप कुलकर्णींनी तो श्रोत्री छान उभा केला. पण सिनेमाचा शेवट कादंबरीचा नाही. आधी बघून आलेल्यांनी मला फोनवर सांगितलं होतं, तरी प्रत्यक्ष बघताना लागायचं ते लागलंच. सिनेमा धो धो चालला. गाणी आजही ऐकतो. शेवट मी कादंबरीतलाच धरून चालतो.

निवृत्त शिक्षक, माणदेश

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' आम्हा मास्तरांची पोथी. अमोल पालेकर त्यावर चित्रपट करताहेत हे पेपरात वाचलं तेव्हा मी एकशिक्षकी शाळेवर होतो. चित्रपट १९९५ चा. आमच्याकडे यायला बराच उशीर लागला, तोवर वाट पाहणं आलंच.

सर्वांना वाटतं मास्तर म्हणून मला शाळेचं पान प्रिय असेल. नाही. मला तालमीचं प्रिय. मास्तर गावाला गोळा करून तालीम बांधायला घेतो, माणसं अंगमेहनत देतात, आणि औंधचे राजेसाहेब त्या एवढ्याशा वाडीत येतात. वाडीला स्वतःबद्दल काहीतरी वाटू लागतं, आणि मग दुष्काळ येऊन सगळं उठवून नेतो. ही तालीम मनात नसेल तर शेवटी ओसाड पडलेली वाडी नुसती ओसाड जागा दिसते. मी ते पान चौथीच्या मुलांना मोठ्याने वाचून दाखवायचो. कारभारी, आयबू, आनंदा रामोशी ही नावं मुलांना सांगावी लागायची नाहीत, तसली माणसं त्यांच्या घरातच होती.

चित्रपटात मेंढरांचा कळप पाहिला आणि मुलांना दाखवायला हवा होता असं वाटलं.

मुंबई, एके काळी मंत्रालयात नोकरी

आमच्या वेळी 'सिंहासन'. १९७९. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' अशा दोन कादंबऱ्या मिळून एक चित्रपट, पटकथा तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत एकच खेळ चालायचा, कुठला मंत्री म्हणजे खरा कोण. मला त्यात रस नव्हता. मला दिगू टिपणीस हवा होता. सगळं जवळून पाहणारा, सगळं कळणारा आणि काहीच करू न शकणारा पत्रकार. निळू फुले ती भूमिका करणार म्हटल्यावर लोक हसले होते, निळूभाऊ म्हणजे खलनायक म्हणून. मी तेव्हाही म्हणत होतो, थांबा जरा. त्यांचा शेवटचा प्रसंग ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढे सांगायला नको.

माझं उलटं झालंय, चालेल का?

मी 'जैत रे जैत' आधी पाहिला, गोनीदांची कादंबरी नंतर मिळवली. म्हणजे वाट पाहिली ती पुस्तकाची. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथांच्या चाली कानात घेऊनच वाचायला बसले. नाग्या, चिंधी, लिंगोबाचा डोंगर, आग्यामाश्यांची पोळी. पुस्तकात गाणी नसूनही रिकामं वाटलं नाही, हे मुद्दाम सांगावंसं वाटलं.

चेन्नईहून, मूळ तंजावूर

आम्ही तंजावूरचे मराठी. घरात आमची जुनी मराठी, बाहेर तमिळ. माझं लिहिणं तुम्हाला जरा वेगळं वाटेल, सांभाळून घ्या.

आमच्या घरात तमिळ लेखक कल्की म्हणजे देवाच्या खालोखाल. त्यांची 'पोन्नियिन सेल्वन' ही कादंबरी १९५० ते १९५४ 'कल्की' साप्ताहिकात क्रमशः आली. आजी दर आठवड्याची पानं कापून ठेवायची, पुढे ती बांधून घेतली. त्यात मणियम यांची चित्रं आहेत. त्यामुळे आमच्या घरात कुंदवै कशी दिसते, नंदिनीचा अंबाडा कसा, यावर चर्चाच नव्हती. ते ठरलेलं होतं.

तमिळ नट एमजीआर यांनी १९५८ मध्ये सिनेमाचे हक्क घेतले तेव्हा आजी तरुण होती. तो सिनेमा झाला नाही. नंतर कमल हासन करणार अशी बातमी आली, तेही झालं नाही. आईचं तारुण्य त्या वाट बघण्यात गेलं. मणिरत्नम यांचा पहिला भाग ३० सप्टेंबर २०२२ ला लागला, तेव्हा आजी नव्हती. वाट बघणं आमच्याकडे दागिन्यासारखं आजीकडून आईकडे आणि आईकडून माझ्याकडे आलं.

आजीचं पान पहिलंच. तमिळ आडि महिन्याचा अठरावा दिवस, वीरनारायण तलावाचा लांबच लांब बांध, त्यावरून घोड्यावर येणारा वंदियदेवन. तलाव तुडुंब, बायका नटून आलेल्या, लोक काठावर बसून घरून आणलेले भाताचे प्रकार खाताहेत. आजी त्या दिवशी आम्हाला चित्रान्न, दहीभात बांधून कावेरीवर न्यायची आणि तेच पान सांगायची. कादंबरीत पुढे कट आहेत, खून आहे, समुद्र आहे. आजीला तो बांध हवा होता.

सिनेमा उघडतो तो लढाईने, चोळ युवराज आदित्य करिकालनच्या. मला धक्का बसला. आईने माझा हात धरला. मग थोड्या वेळाने 'पोन्नी नदी' हे गाणं लागलं, वंदियदेवन झालेला कार्ती घोड्यावर, मागे पाणी आणि माणसं, रहमानचा ठेका. पहिलं पान पहिलं नव्हतं, पण होतं. आई तमिळमध्ये काहीतरी पुटपुटली. नंतर विचारलं तर म्हणाली, कादंबरीतली ओळ म्हणत होते, तोंडात आपोआप आली.

दुसऱ्या भागाला, २८ एप्रिल २०२३ ला, आम्ही आणखी मोठा गट करून गेलो. पाच खंड दोन सिनेमांत बसवायचे म्हणजे काटछाट आली, आणि शेवटाकडच्या काटछाटीवर आमच्या घरात अजून एकमत नाही. मामा तर त्याबद्दल बोलतच नाहीत.

पुण्याच्या प्रतिसादाला उत्तर

शेवट बदलण्याबद्दल. माध्यम वेगळं, दिग्दर्शकाला मोकळीक हवी, हे मला मान्य आहे. पण लेखक हयात नसेल तर त्याच्या वतीने बोलायला वाचकांशिवाय कोण उरतं? मधले प्रसंग गाळा, पात्रं एकत्र करा. शेवट बदलणार असाल तर मात्र सुरुवातीच्या पाटीवर तसं स्वच्छ लिहा. 'कादंबरीवर आधारित' याऐवजी 'कादंबरीवरून सुचलेला' असं लिहायला काय हरकत आहे? मग मीसुद्धा पहिल्या दिवशी तिकीट काढीन.