ब्लेंडेड लर्निंग : मिश्र, संमिश्र की आणखी काही?

रावपुरेकर
मदत हवी आहे. मी इथे बडोद्यात ग्रंथालय आणि माहितीशास्त्र शिकवतो. मुंबईच्या एका अंकासाठी ब्लेंडेड लर्निंगवर (थोडं ऑनलाइन, थोडं वर्गात शिकणं) लेख दिला, त्यात 'मिश्र अध्ययन' लिहिलं होतं. संपादकबाईंनी सरसकट 'संमिश्र शिक्षण' करून पाठवलं. अध्ययन शिकणाऱ्याचं, शिक्षण म्हटलं की मास्तर पुढे येतो, एवढं मला कळतं. पण 'मिश्र' आणि 'संमिश्र'मध्ये फरक काय? शुक्रवारी प्रूफ परत द्यायचंय.

दांडियाबाजार
शाळेच्या पुस्तकात संमिश्र म्हणजे पितळ, कासं वगैरे. गणितात संमिश्र संख्या: वास्तव भाग अधिक कल्पित भाग. ऑनलाइन तासाच्या हजेरीला हा दुसरा अर्थ चपखल बसतो.

वाडीतली मास्तरीण
व्याकरण आठवा. मिश्र वाक्यात एक प्रधान, बाकीची गौण. संयुक्त वाक्यात दोन्ही बरोबरीची. तेव्हा आधी सांगा, तुमचा ऑनलाइन भाग गौण आहे की बरोबरीचा? बरोबरीचा असेल तर 'संयुक्त अध्ययन' म्हणा.

रावपुरेकर
ताई, हाच वाद आमच्या बैठकीत होतो, फक्त व्याकरण मध्ये येत नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१ च्या मसुद्यात ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन, उरलेला समोरासमोर असं होतं. आकड्यांनी वर्ग प्रधान ठरतो, पण विषयागणिक ते फिरतं. रंगनाथनांची ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मुलं घरी व्हिडिओ बघून आली तरी चालतं. पुस्तकांच्या वर्गीकरणाच्या प्रात्यक्षिकाला मात्र ड्यूईच्या दशांश वर्गीकरणाचे चार खंड टेबलावर लागतात. चौथ्या खंडातल्या निर्देशीत (इंडेक्समध्ये) 'कापूस' काढला तर शेतीसाठी ६३३.५१, कापडासाठी ६७७.२१. मुलं निर्देशीतला आकडा उचलतात आणि मूळ तक्त्यात ताडून बघतच नाहीत. पडद्यावर मला नुसतं उत्तर दिसतं. शेजारी उभा असलो की बोट कुठल्या पानावर आहे ते दिसतं, तिथेच धरता येतं. कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरचं उलट: प्रत्येकानं आपापल्या मशीनवर नोंदी कराव्यात, अडलेलं वर्गात आणावं. तिथे वर्गच गौण.

मकरपुरा रोड
एवढा काथ्याकूट कशाला? 'ब्लेंडेड लर्निंग' देवनागरीत लिहा आणि मोकळे व्हा. मुलं तेच म्हणतात, नोटिशीत तेच असतं. 'संयुक्त अध्ययन' वाचून वाटेल दोघी मैत्रिणी मिळून परीक्षेची तयारी करतायत.

वाडीतली मास्तरीण
मग वर्गांक, बोधांक, दाखलांक हेही टाका! कुणीतरी घडवले म्हणून आज ग्रंथपालांच्या तोंडी आहेत. आणि हे तुम्ही बडोद्यात बसून म्हणताय? सयाजीरावांनी कारभारातल्या शब्दांचा बहुभाषी कोश करवला होता, 'सयाजीशासनशब्दकल्पतरु'.

मकरपुरा रोड
आदर आहेच. पण दाखलांकातला 'दाखल' अरबी आहे ताई. आजोबा इथल्याच कचेरीत होते. त्यांच्या तोंडी अर्ज, दाखला, तारीख. कल्पतरूची फळं कचेरीत किती जणांनी चाखली कोण जाणे.

हुजरातपागा
'मिश्र' हा आपल्या 'मिसळ'वरूनच आलाय ना? मूळ मराठी शब्द, नंतर संस्कृतवाल्यांनी उचलला असणार.

दांडियाबाजार
काका, उलटं! संस्कृत 'मिश्र', प्राकृतात 'मिस्स', तिथून मिसळणं आणि मिसळ.

हुजरातपागा
असेल. पण बडोद्यात मिसळ नाही, सेवउसळ. सेव वेगळी येते, तुम्ही हवी तेव्हा घालता. रावपुरेकरांचं कोहा-प्रकरण तसंच दिसतंय. बाकी बडोद्याला यात नवल नसावं. महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डनना आणलं, पुढच्याच वर्षी इथे ग्रंथालयाच्या कामाचा प्रशिक्षणवर्ग निघाला, आणि गावोगावी पेट्यांतून पुस्तकं जायला लागली. घरबसल्या शिकणं म्हणा की!

मांडवी
त्याला 'फिरतं पुस्तकालय' म्हणत. ग्रंथालय नव्हे.

वाडीतली मास्तरीण
पुस्तकालय गुजरातीतून आलं. मराठीत ग्रंथालय, फार तर वाचनालय.

मांडवी
गुजरातीतून आलं म्हणजे परकं झालं? इथं चार पिढ्या काढल्या, आम्ही आईशी मराठी आणि भाजीवालीशी गुजराती बोलतो. मला तरी ग्रंथालय म्हणजे पोथ्यांची खोली वाटते आणि वाचनालय म्हणजे पेपर चाळायची जागा. सेंट्रल लायब्ररीला या दोन्हींतला एकही शब्द लावून दाखवा.

दांडियाबाजार
सेंट्रल लायब्ररी ती सेंट्रल लायब्ररीच. रिक्षावाल्याला 'मध्यवर्ती ग्रंथालय' सांगून बघा, तो मांडवीऐवजी स्टेशनला नेईल.

रावपुरेकर
मंडळी, प्रूफ! मी 'मिश्र अध्ययन' परत लावतोय, ताईंचं प्रधान-गौण तळटिपेत घालून. संपादकबाई मानतील असं वाटत नाही.

वाडीतली मास्तरीण
'तळटीप'चं सामान्यरूप 'तळटिपे' बरोबर, पण तुम्ही वर 'वर्गच गौण' लिहिलंय, मग 'मिश्र'त प्रधान कोण?

मांडवी
ते राहू द्या. पेट्यांना तेव्हा 'पेटी'च म्हणत का 'संदूक'? कुणाच्या घरी एखादी आहे का अजून?