‘शेजी’ म्हणजे नुसती शेजारीण नव्हे

‘शेजी’ म्हणजे शेजारीण, हा अर्थ चुकीचा नाही. पण जात्यावरच्या ओव्या वाचताना तेवढाच अर्थ धरला, तर त्या शब्दात साठलेलं पुष्कळसं हातून निसटतं, असं मला ठामपणे वाटतं.

गडणी म्हणजे माहेरच्या, बरोबरीने खेळलेल्या मैत्रिणी. लग्नानंतर त्यांची सोबत तिथेच राहते. ‘सई’ ही हाक कोणत्याही मैत्रिणीला मारता येते. शेजी मात्र सासरच्या भिंतीपलीकडची असते आणि पहाटे दळू लागायला बहुधा तीच येते. दोघी समोरासमोर बसतात, एकच खुंटा दोघींच्या मुठीत असतो. एकीने ओवी सुरू केली की दुसरी ती उचलून धरते, पहिली अडली तर पुढचा शब्द पुरवते, आणि पुष्कळदा त्याच ओवीत आपल्या भावाचं किंवा लेकाचं नाव घालून ती आपली करून टाकते. त्यामुळे ओवीवर एकीची मालकी सांगता येत नाही. (जनीच्या कथेतही समोरची जागा रिकामी राहत नाही, तिला दळू लागायला विठ्ठल येतो.)

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून १ लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. एवढा ठेवा लिहिता-वाचता न येणाऱ्या असंख्य बायकांनी निव्वळ आठवणीत जपला, त्यामागे ही जोडीने गाण्याची रीत आहे.

या शब्दाची दुसरी बाजूही सांगायला हवी. अनेक ओव्यांत शेजी आईपुढे उणी ठरते. शेजीने कितीही केलं तरी तिला माउलीची सर येत नाही, असं गाणारी सांगते. तरीही माहेरची ही ओढ जिच्यापुढे मोकळी करायची, ती बऱ्याचदा समोर बसलेली शेजीच असते, आणि तिलाही आपली आई आठवत असते.

दळण गिरणीत जाऊ लागलं तसा हा शब्द रोजच्या बोलण्यातून मागे पडला. लग्नघरी हळद दळताना म्हटल्या जाणाऱ्या ओव्यांत तो अजून कानावर येतो. आजच्या कोणत्याही मैत्रिणीला ‘शेजी’ म्हणणं मला पटत नाही, कारण घराला घर लागून असणं या शब्दातून वगळता येत नाही. ओव्यांच्या संग्रहाला अर्थसूची जोडताना मात्र ‘शेजारीण’ एवढ्यावर न थांबता ‘दळणाची व गाण्याची जोडीदारीण’ असंही नोंदवावं.