परदेशी शिकतानाचा प्रवास : पास, सायकल आणि चुकलेले डबे

वाटसरू :
माझा भाचा पुढील महिन्यात शिक्षणासाठी जर्मनीतील आखेनला निघाला आहे. काल रात्री त्याने फोनवर विचारले, "मामा, तिथे महिन्याचा पास कुठे काढायचा?" तो वेगळा काढावा लागत नाही, सत्राच्या शुल्कातच येतो, हे त्याला सांगताना माझे २०१० सालचे सेमेस्टर तिकीट आठवले आणि हा धागा काढावासा वाटला.

त्या तिकिटावर नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यातील बस, ट्राम आणि साध्या गाड्या चालत. आयसी आणि आयसीई या वेगवान गाड्या मात्र चालत नसत. त्यामुळे आमची जर्मनी त्या राज्याच्या हद्दीशी संपत असे. कोलोनहून फ्रँकफर्टला आयसीई तासाभरात पोहोचते. परंतु नव्याने येणाऱ्या मित्राला विमानतळावरून आणायचे असले, की आम्ही राज्याच्या हद्दीजवळील झीगन या शहरापर्यंत पासावर जात असू, तेथून पुढे हेसन राज्यातील तेवढेच तिकीट काढत असू आणि वाचलेल्या पैशांपायी अर्धा दिवस खिडकीतून झाडे मोजत बसत असू. एकदा झीगनला तिकीट-यंत्रापुढे रांग होती आणि गाडी सुटायला आली होती. कंडक्टर आत तिकीट देईलच, या एसटीच्या सवयीने मी चढलो. तपासनीसाने अतिशय सौजन्याने ४० युरोंचा दंड केला. आता तो ६० आहे, हे भाच्याला आवर्जून सांगितले.

रविवारी आखेनमधील दुकाने बंद असत, म्हणून दूध आणि कांदे आणायला आम्ही शहर-बसने सरळ नेदरलँड्समधील फाल्स गावी जात असू. तेथील टेकडी ३२२ मीटर उंच असून ती नेदरलँड्सच्या मुख्य भूमीवरील सर्वोच्च जागा आहे. पुणे शहर स्वतःच साडेपाचशे मीटरवर वसलेले असल्यामुळे आमच्यातील पुणेकरांनी त्या शिखरावर जे काही ऐकवले, ते येथे लिहीत नाही.

आपले अनुभव वाचायला आवडतील.

रानजाई :
एसटीच्या सवयीचे वाचून हसू आवरेना. आम्ही म्युनिकला होतो. बायर्न (बव्हेरिया) राज्याच्या एकदिवसीय तिकिटावर पाच जणांना दिवसभर राज्यभर हिंडता येते, परंतु सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच चालू होते, त्यामुळे नऊच्या ठोक्याला फलाटावर निम्मे विद्यार्थीच दिसत. आम्ही टेगर्नझे सरोवराला निघालो होतो. ती गाडी होल्त्सकिर्शेन येथे तोडली जाते आणि डब्यांचे भाग वेगवेगळ्या गावांना जातात, ही गोष्ट आम्हा पाचांपैकी कोणालाही ठाऊक नव्हती. घोषणा झाली, तेव्हा आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोडून बसलो होतो, आणि जर्मन भाषेचे पहिले पुस्तक अजून संपायचे होते. सरोवर कधी येते याची वाट पाहत आम्ही बायरिशत्सेलला उतरलो. तेथे डोंगर उत्तम आहेत, सरोवर नाही. त्यानंतर डब्यावरील पाटी वाचल्याशिवाय मी कोणत्याही गाडीत चढलेले नाही, दादरलाही नाही.

सध्या_ड्रेस्डेन :
वाटसरू, आपल्या भाच्याला हद्दीची चिंता करावी लागणार नाही. २०२४ च्या उन्हाळी सत्रापासून बऱ्याच विद्यापीठांत देशभर चालणारे सेमेस्टर तिकीट मिळते. सुरुवातीला ते महिन्याला २९ युरो ४० सेंटला होते. आयसीई अजूनही वर्ज्यच आहे. मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळ एक तास पुढे जाते, एवढेही त्याला सांगावे. मी भिंतीवरच्या घड्याळावर विसंबून प्रागची बस चुकवली आहे.

डेल्फ्टची_सून :
मी चोविसाव्या वर्षी नेदरलँड्समधील डेल्फ्टला सायकल शिकले, कारण दुसरा उपाय नव्हता. जुनी सायकल घेतली. तिला हाताचा ब्रेक नव्हता. पायडल उलटे फिरवले की ती थांबत असे, आणि हे मला कालव्याच्या काठावर कळले. सायकलीपेक्षा कुलूप महाग पडले, तरी पहिली सायकल चोरीला गेलीच. रेल्वेचे प्रकरण निराळे. रॉटरडॅम अवघ्या पंधरा मिनिटांवर, परंतु चढताना कार्ड यंत्रावर टेकवायचे आणि उतरल्यावर पुन्हा टेकवायचे. मैत्रीण समोर दिसली म्हणून मी गप्पा मारत तशीच बाहेर पडले आणि माझ्या कार्डातून २० युरो गेले. आठवडाभराच्या भाजीचे ते पैसे होते. यजमान अजूनही स्थानकाबाहेर पडताना विचारतात, "टेकवलेस का?"

जुना_बर्लिनकर :
मी १९८६ ते ८८ या काळात पश्चिम बर्लिनमध्ये शिकत होतो. वेडिंग भागात राहत असे आणि दर शुक्रवारी माइबाखउफर येथील तुर्की बाजारातून कोथिंबीर, डाळ आणि भेंडी आणत असे. त्यासाठी यू-आठ या भुयारी गाडीने जावे लागे. गंमत अशी, की ही गाडी पश्चिम बर्लिनमध्ये सुरू होऊन पश्चिम बर्लिनमध्येच संपत असली, तरी मधला टप्पा पूर्व बर्लिनच्या खालून जात असे. फोल्टाश्ट्रासेला "पश्चिम बर्लिनमधील शेवटचे स्थानक" अशी सूचना असे आणि मग ओळीने सहा बंद स्थानके येत. गाडी तेथे वेग कमी करीत असे, परंतु थांबत नसे. अंधुक दिव्यांच्या फलाटावर पूर्व जर्मनीचे सशस्त्र पहारेकरी उभे दिसत. त्यानंतर मोरिट्झप्लाट्झला गाडी थांबली, की लोक वर्तमानपत्राचे पान उलटावे तितक्या सहजपणे उतरत. तिकीट साधे शहरातलेच लागे.

पूर्व भागात रीतसर जायचे झाल्यास फ्रीडरिशश्ट्रासे स्थानकावर एका दिवसाचा परवाना घ्यावा लागे, पश्चिमेचे २५ मार्क (तेव्हाचे जर्मन चलन) देऊन पूर्वेचे २५ मार्क घ्यावे लागत आणि मध्यरात्रीपूर्वी परतावे लागे. ते मार्क बाहेर आणण्यास मनाई असल्याने मी त्यांची तांत्रिक पुस्तके घेत असे. त्यांतील दोन आजही कपाटात आहेत.

रानजाई :
काका, त्या सहा स्थानकांवरून जाताना भीती वाटत नसे का?

जुना_बर्लिनकर :
पहिल्या दोन-तीन वेळा वाटली. पुढे पुढे मी पिशवीतल्या कोथिंबिरीकडेच अधिक लक्ष देऊ लागलो. भिंत पडली, तेव्हा मी नाशिकला होतो. २०१४ साली मुलीकडे गेलो असताना मुद्दाम यू-आठने निघालो. रोझेनटालर प्लाट्झला गाडी थांबली आणि दारे उघडली. काहीही काम नसताना मी तेथे उतरलो आणि दोन गाड्या जाऊ दिल्या. मुलगी म्हणाली, "बाबा, आपल्याला पुढे जायचे आहे."

वाटसरू :
काका, आपला प्रतिसाद भाच्याला पाठवला आहे. बर्लिनपर्यंत साध्या गाड्यांनी किती तास लागतील, हे तो आत्तापासूनच पाहत बसला आहे.