वाफेचं छोटं इंजिन हवेवर पळतं, वाफेवर अडकतं, मदत हवी

कोलशेतकर

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात कोलशेतला राहतो. बाबा कारशेडमधून फिटर म्हणून रिटायर झाले आणि गेलं दीड वर्ष आम्ही दोघं मिळून वाफेचं छोटं इंजिन बनवतोय, मोटरवालं नाही, खरोखर पाणी उकळून वाफेवर चालणारं. नेरळला माथेरानचं जुनं इंजिन ठेवलंय ते बघून हे डोक्यात बसलं. स्केल एका फुटाला १६ मिमी, म्हणजे माथेरानचा दोन फुटी गेज बरोब्बर ३२ मिमी होतो, रूळ तेवढेच घेतलेत. इंजिन मात्र साधं, चार चाकी, दोन सिलिंडर, स्लाइड व्हॉल्व्ह (सिलिंडरमध्ये वाफ आत-बाहेर सोडणारी सरकती झडप). पहिल्याच इंजिनाला सहा चाकांचा घाट घालू नको असं बाबाच म्हणाले.

बॉयलर तांब्याचा, आतला व्यास ५० मिमी, लांबी १५०, नळीची जाडी १.६. मधून २५ मिमीची धुराची नळी गेलीय, तिच्यात ब्युटेनचा बर्नर. चालवायचं प्रेशर ४० पीएसआय.

आता प्रॉब्लेम. बॉयलर न लावता नुसती चेसिस टायरमध्ये हवा भरायच्या पंपावर चालवली तर १०-१२ पीएसआयला मस्त पळते, पुढे पण आणि मागे पण. पण वाफेवर घेतली की ७-८ मिनिटांत प्रेशर ४० ला येतं, रेग्युलेटर (सिलिंडरकडे वाफ सोडायचा कॉक) उघडला की चाक अर्धा फेरा फिरतं आणि गच्च थांबतं, धुराड्यातून गरम पाण्याचा फवारा उडतो, मग सेफ्टी व्हॉल्व्ह सुटतो आणि सगळी वाफ वाया. चार रविवार हेच चाललंय. टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह कधी उघडायचा ते, तीनदा सेट करून झालं. बाबा काही बोलत नाहीत पण संध्याकाळी एकटेच गॅलरीत बसून ते उघडून परत जोडत असतात, ते बघवत नाही. कोणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

ऐरोली_वाफ

दादा टायमिंगला अजिबात हात लावू नका, ते बरोबर आहे. चुकलं असतं तर हवेवर दोन्ही बाजूंना पळालंच नसतं. हवा आणि वाफ यांच्यात फरक एकच, हवा थंड सिलिंडरमध्ये गेली तरी हवाच राहते, वाफेचं लगेच पाणी होतं. आणि पाणी दाबलं जात नाही. पिस्टन टोकाला जाताना पुढ्यात पाणी असेल तर तो भिंतीवर आपटल्यासारखा थांबणार, तुमचा अर्धा फेरा तो हाच. त्यावेळी जोर लावून चाक फिरवू नका, रॉड वाकेल किंवा क्रँक सरकेल.

करायचं असं की प्रेशर २० च्या आसपास आलं की रेग्युलेटर केसभर उघडायचा आणि हातमोजा घालून इंजिन रुळावर पुढे-मागे, पुढे-मागे ढकलत राहायचं. धुराड्यातून पाणी थुंकेल, तोंड लांब ठेवा. दहा-बारा वेळा केलं की सिलिंडर तापतात, थुंकणं थांबून फक फक असा कोरडा आवाज यायला लागतो, मग सोडा.

दुसरं म्हणजे पाणी किती भरता? तुमच्या मापावरून बॉयलरमध्ये काठोकाठ साधारण २२० मिली मावेल. काठोकाठ भरत असाल तर पाणी तापून फुगतं, वर वाफेला जागाच उरत नाही आणि उकळतं पाणी सरळ स्टीम पाइपात शिरतं. सिरिंजने मोजून १७० भरा, जास्त नको.

आणि हो, बॉयलरचे जोड कशाने केलेत ते लिहिलं नाहीत.

कोलशेतकर

दादा काठोकाठच भरत होतो, जास्त वेळ चालेल म्हणून. या रविवारी १७० मिली भरून तुम्ही म्हणालात तसं ढकललं आणि ते चाललं!! टेरेसवर तीन फेऱ्या मारल्या, बाबा रुळाशेजारी चालत होते.

पण तिसऱ्या फेरीनंतर मागच्या झाकणाच्या कडेला पाण्याचा एक थेंब दिसला, पुसला की परत येतो. बॉयलर आम्ही नाही केला, एका वर्कशॉपला दिलेला, त्यांनी चांदीची झाळ (चांदी असलेला धातू वितळवून केलेला पक्का जोड) सांगितली होती आणि पैसे पण तेवढेच घेतले. जोडाचा रंग राखाडी आहे, नखाने खरवडलं तर ओरखडा उठतो. वरून थोडा डाग देऊन भागेल का?

तांबटाची_लेक_नेरूळ

नाही भागणार. आणि कृपा करून तो बॉयलर आता पेटवू नका, एकदाही नाही.

आमचं माहेर तांबटाचं, बंब आणि हंडे ठोकण्याच्या आवाजात मोठी झालेय, आता नेरूळला छोट्या प्रमाणात झाळकाम करते. चांदीची झाळ नखाने ओरखडत नाही, रंगही पिवळट पांढरा असतो. तुम्ही सांगताय तो कथील-शिशाचा साधा डाग आहे, तो १८३ अंशांच्या आसपास वितळायला लागतो. ४० पीएसआयला आतलं पाणी साधारण १४२ अंशांवर असतं, म्हणून पाणी आहे तोवर डाग तग धरतो. पण एखाद्या दिवशी पाणी संपलं आणि बर्नर चालूच राहिला तर नळीचा जोड दाबाखाली असतानाच मऊ पडेल, आणि तेव्हा बाबा वाकून आत बघत असतील. चांदीची झाळ साडेसहाशेच्या आसपास वितळते, फरक इथे आहे.

आहे त्याच जोडावर चांदी ओतायचा विचारही नको. शिसं-कथील जरा जरी राहिलं तरी चांदी नीट धरत नाही, जोड ठिसूळ होतो, आणि ते तांब्यात इतकं मुरलेलं असतं की खरवडून पूर्ण जात नाही. नवीन बॉयलर करा. वाईट वाटेल, माहितेय.

करताना काय बघायचं ते सांगते. तांबं लाल करून पाण्यात टाकलं की मऊ होतं, पोलादाच्या उलट, मग झाकणाची कड लाकडी ठोकळ्यावर वळवा. वळवताना ते पुन्हा कडक होतं, आवाज टणटण यायला लागला की परत लाल करा. दोन सपाट झाकणांना आतून आधाराचे दांडे द्या, गोल नळीला काही होत नाही, सपाट भागच फुगतो. लिंबूसत्त्वाच्या पाण्यात ठेवून तांबं गुलाबी होईपर्यंत साफ करा, बोटही लावू नका नंतर. झाळ ५५ टक्के चांदीची, आणि विना-कॅडमियम आहे ना हे विचारून घ्या, कॅडमियमचा धूर घरात चालणार नाही. फ्लक्स, म्हणजे झाळ धरावी म्हणून जोडाला लावायची पूड, त्या झाळीसोबतचाच, नुसती सवागी (बोरॅक्स) नको, ती उशिरा वितळते. आणि फक्त जोड तापवून काही होत नाही, तांबं सगळी उष्णता ओढून नेतं. भाजक्या विटांचा कोपरा करून अख्खा बॉयलर तापवा, एका हाताला दोन गॅस टॉर्च झेपत नाहीत, तुम्ही एक धरा, बाबा एक. झाळ ज्योतीत वितळवायची नाही, तांब्याला टेकवून तांब्याच्या उष्णतेवर वितळली पाहिजे, मग ती स्वतःच फटीत धावत जाते. ते धावणं एकदा बघितलं की जोड पक्का झाला हे डोळ्यांना कळतं.

सेक्टर_सतरा

ताईंच्या प्रत्येक शब्दाशी सहमत. त्यात फक्त टेस्टची भर घालतो. आपल्याकडे २५ लिटरच्या आतल्या बॉयलरला बॉयलरचा कायदा लागत नाही, कोणी इन्स्पेक्टर येऊन बघणार नाही, म्हणजे जे बघायचं ते आपणच. नवीन बॉयलर चालवायच्या दुप्पट प्रेशरला, तुमच्या केसमध्ये ८० ला, थंड पाण्याने टेस्ट करायचा. नवीन बिल्डिंगमध्ये प्लंबर लोक पाइपलाइन तपासायला हातपंप वापरतात, मीटर लावलेला, तो एका दिवसासाठी मिळतो. बॉयलर पाण्याने पूर्ण भरा, आत हवेचा बुडबुडाही नको. पाणी दाबलं जात नाही, जोड सुटला तर नुसतं ठिपकेल, हवा असेल तर तुकडा उडेल. सेफ्टी व्हॉल्व्ह काढून तिथे प्लग लावा.

तेल कोणतं घालताय? मोटरसायकलचं असेल तर बंद करा, ते ओल्या धातूला धरत नाही. ४६० ग्रेडचं स्टीम सिलिंडर ऑइल लागतं, मधासारखं घट्ट. लुब्रिकेटरमध्ये, म्हणजे वाफेत तेल सोडणाऱ्या डबीत, वाफेचं पाणी होऊन तळाला बसतं आणि तेवढंच तेल वर ढकललं जातं, म्हणून दर वेळी आधी तळातलं पाणी काढून मग तेल भरायचं. नुसतं वरून ओतत राहिलात तर पाण्यावर तेलाचा थर देताय इतकंच.

नळाचं पाणी अजिबात नको, क्षार बसतात. आम्ही जुलै-ऑगस्टमध्ये गच्चीवर स्वच्छ पातेलं ठेवून पावसाचं पाणी गाळून बाटल्या भरून ठेवतो, वर्षभर पुरतं. आणि पावसाळ्यात इंजिन कपाटात ठेवताना बॉयलर गरम असतानाच, पण प्रेशर शून्यावर आल्यावरच, रिकामा करायचा, झाकण उघडं ठेवायचं. खाडीच्या हवेत स्टीलच्या एक्सलवर आठवड्यात गंज धरतो, तेलाचा हात फिरवा.

कोलशेतकर

दोन महिन्यांनी लिहितोय. जुना बॉयलर बाबांनी स्वतः हॅकसॉने मधून कापला. आत धुराच्या नळीभोवती डाग अर्ध्या गोलालाच लागलेला, उरलेल्या अर्ध्यात नुसता काळा फ्लक्स. बाबांनी तो तुकडा बराच वेळ हातात धरला होता, मग म्हणाले आपण स्वतःच करू.

केला. पहिलं झाकण फुकट गेलं, दुसरं जमलं. ताई, ती झाळ धावताना बघितली, सगळ्या गोलाला एक चकचकीत रेघ फिरली आणि बाबांच्या हातातली टॉर्च थरथरली.

टेस्टला ६० पीएसआयला रेग्युलेटरच्या आट्यातून पाणी आलं, जोडातून नाही. आटा नीट करून परत ८० ला नेलं, पंधरा मिनिटं. बाबांनी टिश्यू पेपरची पट्टी प्रत्येक जोडावरून फिरवून बॅटरीच्या उजेडात धरून बघितली, एकही ओला ठिपका नाही. काटा जागचा हलला नाही.

काल १९ मिनिटं चाललं, एका दमात. आता १६ एप्रिलला सोसायटीच्या आवारात चालवायचं ठरलंय, १८५३ ला त्याच तारखेला बोरीबंदरहून पहिली गाडी आपल्या ठाण्यात आलेली म्हणून बाबांनी तारीख धरून ठेवलीय. ऐरोलीचे दादा, नेरूळच्या ताई, वाशीचे सेक्टर सतरावाले, तिघांनी यायचंच, संध्याकाळी साडेपाचला. पत्ता मेसेज करतो. ताई, तुम्ही आलात की रेग्युलेटर पहिल्यांदा तुमच्या हातात द्यायचा असं बाबांनी आत्ताच सांगून ठेवलंय.