माणसाला ‘रिसोर्स’ म्हणणं थांबवायला हवं

सरळरेघ

गेल्या महिन्यातली मीटिंग डोक्यातून जात नाही म्हणून हा धागा काढतोय.

पडद्यावर एक तक्ता उघडला होता. एकाखाली एक बारा ओळी, नावं नाहीत. ‘रिसोर्स १’, ‘रिसोर्स २’ असं बारापर्यंत. साहेब म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून सात आणि नऊ रिलीज करू." नऊ नंबर माझ्या शेजारी बसली होती. तिने वहीत ९ लिहिलं, त्याभोवती गोल काढला आणि मीटिंग संपेपर्यंत तोच गोल गिरवत राहिली. आपला नंबर तिला बरोबर माहीत होता, कारण तो तक्ता आदल्या आठवड्यात तिनेच बनवला होता.

काम कमी झालं होतं, दोघांना जावं लागणार होतं, हे मला मान्य आहे. पण तिचं नाव घेऊन बोलावं लागलं असतं तर साहेबांनी निदान मान वळवून तिच्याकडे पाहिलं असतं. ‘हिला काढा’ म्हणताना जीभ अडखळते, ‘नऊ रिलीज करा’ म्हणताना अडखळत नाही. माझा आक्षेप या न अडखळण्याला आहे.

बाकीचे शब्दही त्याच माळेतले. हेडकाउंट म्हणजे डोकी मोजणं, बेंच म्हणजे सध्या प्रोजेक्ट नसलेली माणसं, बँडविड्थ म्हणजे माणसाकडे उरलेला वेळ. दोन प्रोजेक्टमध्ये वाटला गेलेला माणूस तक्त्यात ‘०.५ एफटीई’ होतो, म्हणजे अर्धा पूर्णवेळ कर्मचारी.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1944 साली फिलाडेल्फियाच्या जाहीरनाम्यात पहिलंच तत्त्व लिहिलं की श्रम ही क्रयवस्तू नाही. त्याच्याही तीस वर्षं आधी, 1914 मध्ये, अमेरिकेच्या क्लेटन कायद्यात जवळपास हेच वाक्य आलं होतं, कामगार संघटनांवर मक्तेदारीविरोधी कायदा उगारला जाऊ नये म्हणून. इतक्या जुन्या काळी जे कागदावर मान्य झालं, ते आपल्या रोजच्या बोलण्यात का उतरू नये? ‘माणसं’, ‘लोक’, ‘सहकारी’ हे शब्द काय वाईट आहेत?

ताळेबंद

असे तक्ते मी चौदा वर्षं बनवतोय, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

‘रिसोर्स’ ही आधी जागा असते, माणूस नंतर. सहा आठवड्यांसाठी दोन टेस्टर लागणार, हे मी लिहितो तेव्हा ते दोन टेस्टर बहुतेक वेळा भरतीच झालेले नसतात. त्यांची नावं कुठून आणू?

आणि दुसरं, जे बाहेरून दिसत नाही. नावांचा तक्ता समोर ठेवला की चर्चा लगेच घसरते. हा आपल्या ओळखीतला, तो मागच्या वर्षी उलट बोलला होता, ती आता लग्न करणार आहे. हे मी कानांनी ऐकलंय. नंबर असले की निदान कौशल्य आणि कामाचे तास यांवर बोलणं होतं. गप्प राहून काम करणाऱ्या, कुणाच्याही जवळच्या नसलेल्या माणसाला तो नंबरच वाचवतो. तुम्हाला जो कोरडेपणा वाटतो तो मला न्याय वाटतो.

राहिला प्रश्न जीभ अडखळण्याचा. खांद्यावर हात ठेवून, नाव घेऊन, अगदी गोड बोलून लोकांना घरी पाठवलेलंही मी पाहिलंय.

अबोली

मला ‘रिसोर्स’ चालेल. ‘कुटुंब’ नको.

माझ्या पहिल्या नोकरीत रुजू झाल्या दिवशीच सांगितलं, "आपल्याकडे कर्मचारी नाहीत, आपण सगळे एक कुटुंब." मला खरंच बरं वाटलं होतं. मग रविवारी फोन यायला लागले. जादा तासांचे पैसे मागायला गेले तर मॅनेजरचा चेहराच उतरला, "घरात कोणी हिशोब करतं का?" मीच ओशाळले आणि परत येऊन कामाला बसले. त्या वर्षीची जादा तासांची यादी मी स्वतःहून फाडून टाकली. दोन वर्षांनी ईमेल आली. सुरुवात ‘प्रिय कुटुंबीय’, तिसऱ्या परिच्छेदात ‘आपली सेवा आजपासून समाप्त करण्यात येत आहे’.

रिसोर्सला दर असतो, तास असतात, ते कुठेतरी लिहिलेले असतात. मुलीला किंवा बहिणीला ते नसतात. सरळरेघ, तुमचं दुःख समजतं. पण मायेचे शब्द आणा असं कृपा करून म्हणू नका. मला ‘कर्मचारी’ म्हणा आणि करारात लिहिलंय तेवढं द्या.

कडीकोयंडा

शब्दावरून माणूस ठरवायची घाई होते. 2004 साली जर्मनीत भाषातज्ज्ञांच्या मंडळाने ‘मानवी भांडवल’ (माणसाचं शिक्षण, कौशल्य यांना भांडवल मानणं) हा वर्षातला सर्वांत वाईट शब्द ठरवला. कारण दिलं की त्यामुळे माणूस केवळ आर्थिक राशी बनतो. अर्थतज्ज्ञांनी त्यावर जोरदार हरकत घेतली आणि माझ्या मते ती रास्त होती. अर्थतज्ज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी 1961 च्या आपल्या निबंधात नेमकी हीच भीती आधी मांडली, माणसाला भांडवल म्हणणं म्हणजे त्याला मालमत्तेच्या पातळीवर आणणं, आणि मग तिला उत्तर दिलं: स्वतःमध्ये गुंतवणूक करून माणूस आपल्यापुढचे पर्याय वाढवतो. शिक्षणावर, आरोग्यावर पैसा खर्च करा हे सरकारांना पटवून द्यायला याच शब्दाची मदत झाली.

ओसरी

इंग्रजीलाच का दोष द्यायचा? ‘हाताखाली किती माणसं आहेत’ हे आपण सर्रास विचारतो. ‘कामाला माणूस ठेवला’ म्हणतो. ‘मनुष्यबळ’ तर थेट ‘अश्वशक्ती’च्या घरातला शब्द आहे, इंजिन किती घोड्यांचं आणि ऑफिस किती माणसांचं.

पण एका गोष्टीत मराठी मला फार शहाणी वाटते. आपण वस्तू ‘नग’ म्हणून मोजतो आणि माणसं ‘जण’ म्हणून. दोघं, तिघी, चौघं हे शब्द खुर्च्यांना लावताच येत नाहीत. ‘दोन रिसोर्स कमी करा’ याचं मराठी करायला घेतलं की ‘दोघांना कमी करा’ असंच होतं, आणि ‘दोघांना’ म्हटलं की ऐकणारा विचारतो, कोणाला? तो प्रश्न भाषेतच आहे. ‘दोन रिसोर्स’मध्ये तो पुसला जातो. म्हणून मी सरळरेघ यांच्या बाजूने.

दुपारपाळी

मी घरोघरी पार्सल पोचवतो. आम्हाला ‘पार्टनर’ म्हणतात. पार्टनर म्हणजे भागीदार, आणि भागीदाराला नफ्यात वाटा असतो, हिशोबाची वही बघता येते. मला एका फेरीचे किती मिळणार हे फेरी संपेपर्यंत नीट कळत नाही. पाय मुरगळून नऊ दिवस घरी बसलो, त्या नऊ दिवसांचं काही नाही, कारण रजा कर्मचाऱ्याला असते, पार्टनरला नसते.

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये उबरच्या चालकांच्या खटल्यात निकाल दिला तो मी चार वेळा वाचलाय. करारात चालकांना स्वतंत्र व्यावसायिक म्हटलं होतं. न्यायाधीशांनी विचारलं ते वेगळंच: भाडं कोण ठरवतं, अटी कोण लिहितं, फेरी नाकारली तर काय होतं, रेटिंग पडलं तर काय होतं. सगळ्याची दोरी कंपनीच्या हातात निघाली, म्हणून चालक हे ‘वर्कर’ ठरले आणि किमान वेतन, भरपगारी रजा लागू झाली. एका शब्दाने एवढं अडवून ठेवलं होतं. ताळेबंद, अबोली, तुम्हाला निदान पगारपत्रक मिळतं हो.

सरळरेघ

अबोली, ‘कुटुंब’बद्दल शंभर टक्के पटलं. सगळे शब्द एकाच तागडीत टाकले ही माझी चूक.

ताळेबंद, रिकाम्या जागेला नंबर द्या, काही म्हणणं नाही. कोणाला कमी करायचं हे ठरेपर्यंतही नंबर ठेवा, तुमचा पक्षपाताचा मुद्दा मी याआधी विचारातच घेतला नव्हता. पण ठरल्यावर? ती खोलीत बसली होती. तेव्हा तरी तिला नावाने, आणि सगळ्यांसमोर नाही तर आधी एकटीला सांगायला नको होतं?

ताळेबंद

हवं होतं. तिला तिथे बसवायलाच नको होतं. पण हा दोष साहेबांचा, शब्दाचा नाही. उद्या ‘रिसोर्स’ऐवजी ‘सहकारी १’, ‘सहकारी २’ लिहिलं तर पाच वर्षांत तोही शब्द तितकाच निर्जीव होईल. मी तक्ता बदलणार नाही.

दुपारपाळी

नावावरून एक सांगतो. आमचं अ‍ॅप नाव घेतं, रोज घेतं, अगदी बरोबर घेतं. पाय बरा होऊन परत कामावर आलो त्या सकाळी स्क्रीनवर आधी ‘नमस्कार’, मग माझं पूर्ण नाव, आणि खाली ‘तुमचं खाते तात्पुरतं बंद करण्यात आलं आहे’. त्या मेसेजला उत्तर पाठवायची सोय नव्हती.