इंग्रजी वाचता येतं, लिहिताना अडतं: सराव कसा आणि कुठे करावा?

मुळाकाठ (प्रश्न)

शिक्षण मराठी माध्यमातून झालं. इंग्रजी बातम्या, ऑफिसच्या मेल, यंत्रांची मॅन्युअल्स वाचून नीट समजतात. लिहायला बसलं की मात्र एका परिच्छेदाला अर्धा तास जातो आणि तरीही बरोबर आहे की नाही याची खात्री नसते. क्लास लावायचा नाही. इंग्रजी भाषकांच्या ऑनलाइन चर्चांमध्ये लिहून सराव होतो असं बरेच जण सांगतात. तिथे काय लिहावं, चुका कोण दाखवतं, आणि दाखवलेल्या चुकांचं पुढे काय करायचं? जाणकारांनी नेमकं सांगावं.

सांजवात

आधी दोन प्रकारच्या जागा वेगळ्या करा. सायकल, बागकाम, स्वयंपाक, प्रोग्रॅमिंग अशा विषयांच्या चर्चांमध्ये तुमचं इंग्रजी कोणीही दुरुस्त करणार नाही. मुद्दा कळला की लोक उत्तर देतात आणि पुढे जातात. तिथे हात चालता होतो, भीड चेपते. चुका दाखवणाऱ्या जागा निराळ्या. स्टॅक एक्स्चेंज या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावरचं 'इंग्लिश लँग्वेज लर्नर्स' आणि वर्डरेफरन्स या ऑनलाइन शब्दकोशाच्या चर्चामंचावरचा 'इंग्लिश ओन्ली' विभाग या दोन्ही ठिकाणी उत्तरं देणारे पुष्कळदा फार चांगले असतात. दोन्ही प्रकार हवेत. नुसत्या पहिल्यावर राहिलात तर वेग येईल आणि चुका पक्क्या होतील.

दुसऱ्या प्रकारात नवख्यांचे प्रश्न बंद होतात ते बहुधा एकाच कारणाने: अख्खा परिच्छेद चिकटवून 'तपासून द्या' म्हणतात. स्टॅक एक्स्चेंजवर असं मुद्रितशोधन नियमातच बसत नाही. एक वाक्य घ्या, त्यातली एकच शंका मांडा. कोणत्या शब्दावर अडलात, शब्दकोशात काय सापडलं, तरी गोंधळ का उरला, हे तीन-चार वाक्यांत लिहा. वर्डरेफरन्सवर शीर्षकात तो शब्द किंवा वाक्प्रचारच लिहायचा असतो; 'प्लीज हेल्प' अशी शीर्षकं चालत नाहीत. पूर्ण वाक्य आणि संदर्भही द्यावा लागतो: कोण कोणाला लिहितंय, कशाबद्दल. मोबाइलवरची तुटक स्पेलिंग तिथे चालत नाहीत. स्टॅक एक्स्चेंजवर प्रश्न बंद झालाच तर नवा टाकू नका. त्यालाच संपादित करा, तो पुन्हा उघडता येतो.

सुरुवात मात्र पहिल्या प्रकारातून करा, आणि तीही स्वतःच्या कामाच्या विषयावर. मजकूर पाठ असतो, त्यामुळे सगळं लक्ष भाषेवर राहतं. प्रश्न विचारण्यापेक्षा उत्तर देणं जास्त शिकवतं, कारण उत्तरात क्रम, कारण आणि अट हे सगळं लिहावं लागतं. 80 ते 120 शब्दांचं एक उत्तर पुरे.

घाटमाथा

सांजवात यांनी जागा सांगितल्या, मी चुकांकडे वळतो. मराठीतून विचार करून इंग्रजी लिहिणाऱ्यांच्या चुका ठरावीक असतात. त्या आधीच माहीत असतील तर पोस्ट टाकण्याआधी स्वतःच पकडता येतात.

काळ: 'मी पाच वर्षांपासून इथे राहतो' याचं सरळ 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' होतं. दोन चुका एकत्र. 'पासून' हा एकच शब्द कालावधीलाही लागतो आणि आरंभबिंदूलाही; इंग्रजीत कालावधीला 'फॉर', आरंभबिंदूला 'सिन्स'. क्रियापदही 'हॅव बीन लिव्हिंग' हवं. तसंच 'मी काल अहवाल पाठवला आहे' मराठीत चालतं, पण 'यस्टर्डे' आलं की 'हॅव सेंट' चालत नाही, नुसतं 'सेंट'.

क्रियापदाची जोडणी: 'मला समजावून सांगा'वरून 'एक्स्प्लेन मी', 'मला सुचवा'वरून 'सजेस्ट मी', 'विषयावर चर्चा'वरून 'डिस्कस अबाउट', 'त्याला उत्तर दिलं'वरून 'रिप्लाइड हिम'. बरोबर रूपं: 'एक्स्प्लेन इट टू मी', 'सजेस्ट अ बुक', 'डिस्कस द इश्यू', 'रिप्लाइड टू हिम'. हे पाठ करून टिकत नाही. क्रियापद शब्दकोशात पाहताना अर्थावर थांबू नका, खालची दोन उदाहरणवाक्यं वाचा. त्यासाठी ऑक्सफर्ड, केंब्रिज किंवा लाँगमनचा विद्यार्थ्यांसाठीचा कोश घ्या, तिन्ही ऑनलाइन फुकट आहेत.

आर्टिकल: मराठीत नाहीच, म्हणून सर्वांत जास्त चुका इथे. सगळे नियम एकदम घेऊ नका. एकच चाचणी लावा: नाम मोजता येण्यासारखं आणि एकवचनी असेल, तर ते सहसा उघडं राहत नाही. पुढे 'अ', 'द', 'माय', 'धिस' असं काहीतरी लागतंच. 'आय बॉट लॅपटॉप' इथेच सापडतं. मोजता येतं की नाही हे अंदाजाने ठरवू नका. वर सांगितलेल्या कोशांत नामाची तशी नोंद असते. 'इन्फर्मेशन', 'ॲडव्हाइस', 'फर्निचर', 'इक्विपमेंट', 'सॉफ्टवेअर' यांना शेवटी 'स' लावणं ही आपल्याकडची सर्रास चूक.

प्रश्नातला प्रश्न: 'कॅन यू टेल मी व्हॉट इज द प्राइस' असं लिहितात. आतला प्रश्न साध्या वाक्याच्या क्रमात येतो: 'व्हॉट द प्राइस इज'.

परदेशी वाचक अडखळतात अशी आपली काही रूपं वेगळी ठेवा. 'आय हॅव अ डाउट' वाचून त्यांना वाटतं तुम्ही अविश्वास दाखवताय. 'आय हॅव अ क्वेश्चन' लिहा. 'डू द नीडफुल', 'आउट ऑफ स्टेशन' ही भारतात रुळलेली आहेत, त्यांना चूक म्हणणं मला पटत नाही, पण बाहेरच्यांशी लिहिताना टाळा. लाख-कोटी टाळा आणि स्वल्पविराम 1,50,000 असा न देता 150,000 असा द्या. तारखेत महिना अक्षरी लिहा, कारण 5/6 अमेरिकेत 6 मे होते.

शब्दगाठ

चुकांचं पुढे काय करायचं, हा तुमचा शेवटचा प्रश्न अजून राहिलाय आणि सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे. दुरुस्ती वाचली, आभार मानले, विसरलो, असंच बहुतेकांचं होतं. वाचलेली दुरुस्ती डोळ्याला पटते, हाताला लागत नाही.

वहीत तीन रकाने करा: माझं वाक्य, दुरुस्त वाक्य, चुकीचा प्रकार. प्रकार घाटमाथा यांनी दिलेलेच वापरा. चार-पाच दिवसांनी दुरुस्त रकाना झाकून पहिलं वाक्य स्वतः सुधारा. त्याच प्रकाराची दोन नवी वाक्यं लिहा आणि पुढच्या पोस्टमध्ये त्यातलं एक वापरा. एकाच प्रकारात पाच-सहा नोंदी झाल्या की काही दिवस पोस्ट टाकण्यापूर्वी फक्त तोच प्रकार तपासा. सगळंच एकदम तपासायला गेलं की काहीच सापडत नाही.

जोडीला बेंजामिन फ्रँकलिनने किशोरवयात केलेला सराव करून पाहा. चांगला निबंध घ्यायचा, प्रत्येक वाक्याचा आशय दोन-चार शब्दांत टिपायचा, काही दिवस बाजूला ठेवायचा, मग टिपणांवरून पूर्ण निबंध पुन्हा लिहायचा आणि मूळाशी ताडून पाहायचा. तुम्ही निबंधाऐवजी चर्चेतलं एखादं उत्तम उत्तर घ्या, 150 शब्दांच्या आतलं. मधले दिवस गाळू नका. लगेच लिहिलं तर ती नुसती स्मरणशक्तीची परीक्षा होते. ताडताना शब्दांपेक्षा वाक्यं कुठे तोडलीत आणि कशी जोडलीत ते पाहा. मराठीत 'आणि', 'तर', 'म्हणून' लावून वाक्य लांबवता येतं. इंग्रजीत तेच स्वल्पविरामांनी जोडलं की वाक्य चुकीचं ठरतं, तिथे पूर्णविराम हवा.

मुळाकाठ

खूप आभार. व्याकरण तपासणारी ॲप्स किंवा एआय चॅट वापरलं तर चालेल का? आणि रोज किती वेळ द्यावा?

शब्दगाठ

चालेल, पण क्रम सांभाळा. आधी स्वतः लिहा, स्वतः एकदा तपासा, मग यंत्राला दाखवा. 'सुधारून दे' म्हणालात तर ते अख्खा मजकूर गुळगुळीत करून देतं आणि तुमची चूक नेमकी कुठे होती ते दिसतच नाही. 'फक्त व्याकरणाच्या चुका दाखव, वाक्यरचना बदलू नकोस, प्रत्येक चुकीचं कारण एका ओळीत सांग' असं मागा. दिलेलं कारणही कोशात ताडून पाहा, ते कधीकधी ठामपणे चुकीचं असतं. यंत्राने लिहिलेला मजकूर स्वतःचा म्हणून चर्चेत टाकू नका. बऱ्याच ठिकाणी त्याला मनाई आहे.

रोज अर्धा तास पुरे: पंधरा मिनिटं लेखन, पाच तपासणी, दहा जुनी वही.

सांजवात

त्यात एक भर. अधूनमधून एखाद्या दिवशी काहीच लिहू नका. तुमच्या विषयातल्या जुन्या, भरपूर मतं मिळालेल्या तीन उत्तरांचं फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य उतरवून काढा. विनंती कशी करतात, असहमती किती सौम्य शब्दांत मांडतात हे तिथूनच कळतं. 'यू आर राँग'च्या जागी 'आय ॲम नॉट शुअर दॅट्स राइट' लिहिलेलं असतं, आणि ते व्याकरणाच्या पुस्तकात सहसा सापडत नाही.