'किल्ला'तला चिन्मय
काहीजण म्हणतात की एकट्या, बुजऱ्या पोरांच्या चित्रपटांत शेवटी प्रेम भेटतंच आणि तिथेच ते खोटे वाटतात. निम्मं पटलं. पण मग अविनाश अरुण यांचा 'किल्ला' (२०१४) हा चित्रपट बघाच. वडील गेलेला चिन्मय आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणात येतो. प्रेमकथा नाहीच, आहे ती मैत्री, तीही बंड्यासारख्या वात्रट कार्ट्याशी. आणि बंड्या नि त्याची मित्रमंडळी चिन्मयला भर पावसात किल्ल्यावर एकटं टाकून जातात! तो राग माझ्या ओळखीचा.

आठवीत मुंबईहून कोकणातल्या हर्णैला आलो, तेव्हा वर्गात माझं नावच 'चाकरमानी' (मुंबईकर कोकणी माणूस) पडलं. दोन महिने डबा एकट्याने खाल्ला. मग एका पोराने ओहोटीला चिंबोरी (खेकडा) मागून कशी धरायची ते दाखवलं. मी पुढून धरली. अंगठा फुटला, तो पोट धरून हसला आणि दुसऱ्या दिवशी बाकावर शेजारी येऊन बसला. बस्स, एवढंच.

बर्लिन चित्रपट महोत्सवात बालपरीक्षकांनी 'किल्ला'ला क्रिस्टल बेअर पुरस्कार दिला, ते उगीच नाही. ('फँड्री' चित्रपटातल्या जब्याचं प्रेम शालूपर्यंत पोचतच नाही, पण तिथे जात आडवी येते, तो विषय वेगळा.)